अडीच टनांचा युक्तिवाद

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात एका स्नेह्यांनी दोन सीटांच्या, बिनटपाच्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची यथेच्छ टिंगल केली आहे. लेख खुसखुशीत आहे, आणि मनाम्यातल्या मराठी घरांत तो मोठ्याने वाचून झाल्याचेही कानावर आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बहरीनसारख्या भाजून काढणाऱ्या देशात असली गाडी बाळगणे म्हणजे गोऱ्या साहेबाच्या आठवणीत रमणे. तिच्यात ताकद नाही, एसी नाही, सामानाला जागा नाही, अपघात झाला तर वाचण्याची खात्री नाही. कमी देऊन जास्त पैसे उकळण्याच्या धंद्याला 'साधेपणा' हे गोंडस नाव दिलेले आहे. ज्याच्या दारात लॅन्ड क्रूझर उभी आहे त्याला या भानगडीत पडायचे कारण नाही.

लेखकमहाशयांच्या दारात ती उभी आहे. हे मुद्दाम सांगितले, कारण निम्मा लेख तिच्याच ड्रायव्हिंग सीटवरून लिहिलेला आहे. त्यांचे काही आक्षेप खरे आहेत, ते मी जिथल्या तिथे मान्य करीन. पण ज्या आक्षेपांवर मंडळी सर्वांत जास्त हसली, नेमके तेच पोकळ आहेत.

साहेबाचा आरोप आधी घेतो. तो ऐकायला खमंग आणि तपासायला सोपा आहे. या गाड्या ज्या इंग्लंडात जन्मल्या तो साम्राज्याच्या थाटाचा इंग्लंड नव्हताच. महायुद्ध संपले होते, पोलाद मिळायचे ते निर्यात करणाऱ्या कारखान्याला आधी, पेट्रोलचे रेशनिंग १९५०पर्यंत चालू होते आणि तयार गाडीवर जबर खरेदीकर बसत होता. त्या दिवसांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन नावाच्या पोराने एक जुनी ऑस्टिन सेव्हन धरली आणि १९४८मध्ये तिची शर्यतीची गाडी केली. पुढे त्याने लोटस ही कंपनी काढली. १९५७ साली तिची 'सेव्हन' बाजारात आली: बारीक नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागे दोघांपुरती जागा. दारे नाहीत. ती विकली जायची बहुधा सुट्या भागांत, कारण सुट्या भागांवर तो कर लागत नव्हता. कारकून, मेकॅनिक, शाळामास्तर ती खोकी घरी नेत आणि रात्री पान्हे घेऊन गाडी जोडत. जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागेल, म्हणून गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना देत आणि त्या उलट्या वाचायच्या, असेही सांगतात.

यात साहेब कुठे आहे? साहेब बसायचा रोल्समध्ये, हंबरमध्ये, आणि चाकरीवर वाळवंटात गेला तर लॅन्ड रोव्हरमध्ये. वंशावळच काढायची तर लेखकमहाशयांच्या दारातल्या गाडीची काढू. लॅन्ड क्रूझरचा मूळपुरुष म्हणजे १९५१ची टोयोटाची जीप, अमेरिकन लष्करी जीपच्या वळणावर बेतलेली. हुकूमत गाजवणाऱ्यांच्या गाडीचे रक्त दोघींपैकी कुणात आहे, ते त्यांनीच ठरवावे. आणि बहरीनमध्ये जुन्या आठवणी काढायला बसलो तर हाताशी बरेच काही लागेल. १९६७पर्यंत इथली वाहतूक डावीकडून चालायची, त्यामुळे उजव्या हाताचे स्टिअरिंग असलेली इंग्लिश गाडी बोटीतून उतरली की बिनतक्रार रस्त्याला लागायची. १९६५पर्यंत इथल्या बाजारात रुपया चालायचा, तोही आपल्या मुंबईच्या रिझर्व्ह बँकेचा. मग इथल्या मराठी माणसाने खिशात नोट जपून ठेवली तर तीही गुलामीची खूण म्हणायची का?

नुसत्या इंग्लिशपणाची मोहिनी असती तर या गाड्यांची कल्पना इंग्लंडबरोबरच मेली असती. अशाच गाड्या काढणाऱ्या एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद पडला. त्या मरणाला इंग्लिश लोकच कारण होते. त्यांच्या गाड्या तेल गाळायच्या, पावसात त्यांची वायरिंग रुसायची, टप बसवायला दोन माणसे आणि भरपूर शिव्या लागायच्या. नऊ वर्षांनी जपानच्या माझ्दाने तीच गाडी नव्याने काढली. लांब बॉनेट, दोन सीटा, हलके अंग, मागच्या चाकांना जोर. फक्त तेल गळणे तेवढे वगळले. एमएक्स-५ म्हणतात तिला. २०१६मध्ये तिचा दहा लाखावा नग हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडला. हे दहा लाख लोक ब्रिटिश राजच्या आठवणीने उसासे टाकणारे होते असे कुणाला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

आता ताकद. हा आक्षेप घेताना लेखकमहाशयांनी अश्वशक्तीचे आकडे दिले आहेत, पण वजनाचा आकडा एकाही ठिकाणी दिलेला नाही. मी देतो. लोटसने सेव्हनचे हक्क १९७३मध्ये कॅटरहॅम या छोट्या कंपनीला दिले आणि ती गाडी आजही बनते. तिचा सर्वांत लहान अवतार, १७०, याचे वजन सुमारे ४४० किलो. इंजिन सुझुकीचे, ६६० सीसी, तीन सिलिंडरचे. आपण ज्या मारुती ८००मध्ये लहानाचे मोठे झालो तिच्या ७९६ सीसीपेक्षाही ते लहान आहे. टर्बो लावून त्यातून ८४ अश्वशक्ती काढली आहे. लॅन्ड क्रूझरच्या साडेतीन लिटरच्या व्ही-६ इंजिनाची ताकद चारशे अश्वशक्तीच्या वर, आणि वजन सुमारे अडीच टन. दोन्हींत चालकाचे ७५ किलो धरा आणि भागाकार करा. टनामागे येणारी ताकद जवळजवळ सारखीच निघते, दीडशेच्या थोडी वर. म्हणजे त्या अवजड इंजिनाच्या चारशे घोड्यांपैकी तीनशेहून अधिक घोडे स्वतःच्याच गाडीचे धूड ओढण्यात राबतात, आणि त्यांचा दाणापाणी मालक भरतो.

सरळ रस्त्यावर हा हिशेब बरोबरीत सुटला तरी वळणावर आणि ब्रेकवर सुटत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या अडीच टनांच्या गाडीत साधारण ९६० किलोज्यूल ऊर्जा असते. थांबायचे असेल तर तेवढी सगळी ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता म्हणून ओतावी लागते. चालकासह सुमारे ५१५ किलोच्या गाडीत ती दोनशेच्या आसपास भरते. म्हणून तिच्या तबकड्या लहान, टायर अरुंद, स्प्रिंगा नाजूक चालतात. त्या लहान झाल्या की गाडी आणखी हलकी होते. जड गाडीत हाच फेरा उलटा फिरतो. मोठे इंजिन, म्हणून मोठे ब्रेक, म्हणून मोठी चाके, म्हणून आणखी मोठे इंजिन. आखातात हा फेरा कुणाला बोचला नाही, कारण त्याचे बिल कधी आलेच नाही. अरबी किनाऱ्यावरचे पहिले तेल १९३२मध्ये याच बेटावर, जबल दुखानच्या पायथ्याशी लागले. पेट्रोल पाण्याच्या भावात होते. २०१६च्या जानेवारीत एका रात्रीत 'मुमताज' पेट्रोल १०० फिल्सवरून १६०वर गेले, तेव्हा वजनाची किंमत प्रथमच पंपाच्या आकड्यांत दिसली. त्या आठवड्यात पंपावरच्या गप्पांत सगळ्यांच्या तोंडी सरकार होते, स्वतःच्या गाडीचे वजन कुणाच्याच नव्हते.

माझा खरा मुद्दा बहरीनच्या नकाशातच आहे. हे बेट उत्तर-दक्षिण जेमतेम पन्नास किलोमीटर आणि रुंदीला त्याच्या एक तृतीयांश. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर. मनाम्याहून निघालात की अर्ध्या-पाऊण तासात जमीन संपते. वाटेत कॅमेरे आहेत, सिग्नल आहेत, चौकाचौकांत गर्दी आहे. इथे पाचशे, सहाशे, आठशे अश्वशक्तीची गाडी घेऊन माणूस ती वापरतो कुठे? तीन सेकंद वापरतो, मग पुढच्या पिकअपच्या मागे जाऊन उभा राहतो. जड आणि ताकदवान गाडी रंगात येते ती दोनशेच्या पुढे. त्याखाली तिच्यात काही घडतच नाही. काचा बंद, एसी चालू, गाणे चालू, आणि वेग फक्त आकड्यात. हलकी गाडी साठ-सत्तरलाच बोलू लागते. तिचे सगळे म्हणणे कायद्याच्या आणि बेटाच्या मर्यादेत पुरे होते. इंग्लंडात किंवा जर्मनीत हलकेपणाची बाजू मांडायला थोडे पांडित्य तरी लागेल, तिथे मोकळे रस्ते लांबलचक आहेत. बहरीनमध्ये नुसता भूगोल पुरतो.

ती बोलते म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि लेखकमहाशयांनी पाहिलेले नसावे. सेव्हनमध्ये शिरायचे असेल तर आधी स्टिअरिंग काढून बाजूला ठेवतात. मग सीटवर उभे राहायचे आणि दोन्ही हात कडेला टेकून पाय खाली सोडत सरकायचे. बसलात की ढुंगण जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवर आणि मागचे टायर कोपराशी. हात बाहेर सोडला तर बोटे रस्त्याला लागतील. पेडल इतकी जवळजवळ की जाड तळव्याच्या बुटाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच दाबले जातील. पुढे लांब बॉनेट, त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी चाके आणि त्यांच्यावरचे बारके मडगार्ड. सस्पेन्शनचे दांडे डोळ्यांसमोर वरखाली होताना दिसतात. स्टिअरिंगला पॉवर नाही. रस्त्याचा पोत बदलला, डांबरावर रेतीचा पातळ थर आला, की हाताला ते आधी कळते आणि डोळ्याला नंतर. कडेने जाणाऱ्या सायलेन्सरला उतरताना पोटरी लागली तर महिनाभर डाग राहतो. यात आराम नाही. पण यातली प्रत्येक गैरसोय ही कशाची तरी किंमत आहे, आणि ती कशाची, हे पहिल्या वळणावर समजते.

साखीरच्या सर्किटवर स्वतःची गाडी घेऊन जाता येते अशा संध्याकाळी असतात. तिथे दहावे वळण पाहावे. नववे डावे वळण घेता घेताच उतारावर ब्रेक लावायचा आणि लगेच दहाव्या, आणखी अरुंद डाव्या वळणात शिरायचे. ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच वेळी, आणि आतल्या पुढच्या चाकावर भारच उरलेला नाही. ते चाक अडकते, धूर निघतो. फॉर्म्युला वनचे भलेभले तिथे दर वर्षी चुकतात. जड गाडी तिथे नाक सरळ धरून बाहेर घसरत जाते, आणि चालकाला कळेपर्यंत वळण निघून गेलेले असते. हलकी गाडीही घसरते, पण आधी सांगते. त्या अर्ध्या सेकंदाच्या सूचनेसाठी माणसे दारे, टप, एसी आणि रेडिओ सोडायला तयार होतात. ज्याला हे वेड वाटते त्याने खुशाल वेड म्हणावे, पण त्याला देखावा म्हणू नये. दहाव्या वळणावर बघायला कुणी नसते.

'कमी देऊन जास्त पैसे' हा आक्षेप हिशेबी मराठी माणसाला लगेच पटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. गाडीतून वस्तू काढून टाकणे स्वस्त असते, वजन काढणे स्वस्त नसते. १९९६च्या लोटस एलिसची चौकट अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्या गोंदाने चिकटवून केली होती. वेल्डिंग केले तर उष्णतेने धातू मऊ पडतो आणि मग पट्टी जाड घ्यावी लागते, म्हणून गोंद. त्या चौकटीचे वजन ६८ किलो भरले आणि अख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. इंजिन रोव्हरच्या साध्या गाडीतले, जेमतेम १२० अश्वशक्तीचे. पैसा इंजिनात नव्हता, त्या ६८ किलोंत होता. एकाच भागाकडून दोन कामे करून घेणे हा चॅपमनचा जुना खाक्या. १९६७च्या लोटस ४९मध्ये त्याने इंजिनालाच चौकटीचा भाग केले. मागची चाके आणि गिअरबॉक्स सरळ इंजिनाला बोल्टने जोडले आणि मागचा सांगाडा गायब केला. आज साखीरला धावणारी प्रत्येक फॉर्म्युला वन गाडी याच पद्धतीने बांधलेली असते. लेखकमहाशय दर वर्षी त्या शर्यतीचे तिकीट काढतात. ज्या विचाराला ते धंदेवाईक ढोंग म्हणतात तोच तीन दिवस टाळ्या वाजवत पाहून येतात.

उन्हाचा मुद्दा. जुलैत भर दुपारी बिनटपाच्या गाडीतून कुणी हिंडत नाही, तसे जुलैत भर दुपारी कुणी इथे पायीही हिंडत नाही. पण नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत बहरीनची हवा अशी असते की इंग्लंडातल्या माणसाने हेवा करावा. वर्षाचा सगळा पाऊस मिळून शंभर मिलिमीटरही भरत नाही. टप उघडा ठेवायची गाडी पावसाच्या देशात जन्मली हा इतिहासाचा विनोद आहे. ती कोरड्या देशात जास्त शोभते. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती लेखकमहाशयांच्या लक्षातच आली नाही: शमाल वारा सुटला की दातांखाली रेती येते, डोळ्यांवर गॉगल नसेल तर गाडी कडेला घ्यावी लागते, आणि एअर फिल्टर नेमाने झटकावा लागतो. ही तक्रार त्यांनी केली असती तर मला उत्तर नव्हते.

सुरक्षिततेवर मात्र हसून चालणार नाही. रात्री आठला शेख खलिफा बिन सलमान हायवेवर दोन टाहो एसयूव्हींच्या मध्ये सेव्हन घेऊन जाणे शहाणपणाचे नाही. तुमचे डोके त्यांच्या बंपरच्या उंचीवर असते. चॅपमनच्या नादाची दुसरी बाजूही झाकून ठेवत नाही. वजन वाचवताना त्याच्या गाड्या मोडायच्या. १९७०मध्ये मॉन्झाच्या सर्किटवर शर्यतपटू योखेन रिंट गेला तो लोटसमध्येच. हलकेपणाची भक्ती करणाऱ्याने हे नाव विसरू नये.

पण 'जड म्हणजे सुरक्षित' हे समीकरण याच बेटावर, साऱ्या जगासमोर खोटे ठरले आहे. २९ नोव्हेंबर २०२०, साखीर, फॉर्म्युला वन शर्यतीची पहिलीच फेरी. रोमां ग्रोजाँची हास गाडी तिसऱ्या वळणानंतर लोखंडी कठड्यावर आदळली. धडक ६७ जीची. गाडीचे दोन तुकडे झाले, पुढचा भाग कठडा फाडून आत घुसला आणि आगीचा लोळ उठला. अर्ध्या मिनिटाच्या आत तो माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हात भाजलेले, पण जिवंत. चालकासह त्या गाडीची किमान वजनमर्यादा ७४६ किलो होती. त्याला वाचवले ते कार्बन फायबरच्या पेटीने आणि डोक्यावरच्या टायटेनियमच्या हेलो कमानीने, जिचे वजन दहा किलोंच्याही आत आहे. सेव्हनमध्ये यातले काही नाही हे मला माहीत आहे. तिचा बचाव म्हणून हे सांगत नाही. सांगतो ते एवढ्यासाठी की माणूस वाचतो तो माल योग्य जागी लावल्याने, जास्त लावल्याने नव्हे. जास्त वजन ज्याला वाचवते ते समोरच्याच्या जिवावर वाचवते. लेखकमहाशय ज्या गाडीत निर्धास्त असतात तिच्यामुळेच शेजारची गाडी धोक्यात येते, आणि मग शेजारीही उद्या तसलीच गाडी घेतो. ही शर्यत सुरू केली कुणी आणि तिचा दोष कुणाच्या माथी मारला जातो आहे, एवढेच पाहा.

ताकदीचा आकडा हल्ली विजेच्या मोटारीने आणखी स्वस्त केला आहे. त्याला माझी हरकत नाही, मोटार गुळगुळीत आणि झटकन ओढणारी असते. पण बॅटरीचे ओझे शेवटी ओझेच. चॅपमनच्या कंपनीत चीनच्या गीलीचा मोठा वाटा २०१७मध्ये आला, आणि तिच्या नावाने वुहानमध्ये बनणारी एलेट्रे ही विजेची एसयूव्ही अडीच टनांच्या घरात जाते. एलिस २०२१मध्ये बंद झाली. एमजीचे नावही आता चिनी मालकाचे आहे. भारतात त्यात मुंबईच्या जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे. एमजीची दोन सीटांची विजेची सायबरस्टर दिसायला सुरेख आहे, पण वजन दोन टनांच्या जवळ. जुनी एमजीबी सुमारे नऊशे किलोंची होती. त्या सायबरस्टरचे फोटो पाहून माझ्याच कंपूतल्या काहींना उमाळा आला, तेव्हा मला लेखकमहाशयांची आठवण झाली. आमच्यातही नावावर भाळणारे आहेत. एसीच्या गॅरेजात एलिस झाकून ठेवायची, वर्षातून दोनदा कापड काढून मित्रांना दाखवायची, शर्यतीच्या आठवड्यात सर्किटच्या पार्किंगपर्यंत न्यायची आणि 'शुद्ध ड्रायव्हिंग'वर बोलायचे, अशांना लेखकमहाशयांनी आणखी दोन शिव्या घातल्या असत्या तरी चालले असते.

बहरीनच्या बाबतीत एक गोष्ट त्यांनी पूर्ण टाळली, आणि ती टाळण्यासारखी नव्हती. ज्या देशात हलकी ब्रिटिश दोन सीटांची गाडी उपरी आहे असे ते म्हणतात, त्या देशाच्या सरकारी गुंतवणूक निधीने, मुमतलकातने, २००७मध्ये मॅक्लारेनचा ३० टक्के वाटा घेतला, तो वाढवत नेला, आणि २०२४मध्ये अख्खी कंपनी आपल्या हाती घेतली. मॅक्लारेन म्हणजे कार्बन फायबरच्या पेटीभोवती बांधलेल्या दोन सीटांच्या गाड्या, वजन कमी राखणे हाच जिचा बाणा. २०२५मध्ये गाड्यांचा धंदा अबू धाबीच्या एका कंपनीकडे गेला. या व्यवहारात पैसा किती गेला आणि किती आला यावर वाद घालता येईल. पण इतकी वर्षे मॅक्लारेनच्या वोकिंगच्या कारखान्यात बेटाच्या तिजोरीचा पैसा होता. तो पैसा महागड्या, सहाशे-सातशे अश्वशक्तीच्या गाड्यांत गेला. ८४ अश्वशक्तीच्या गाडीत नाही. मला यात खटकते ते हेच, आणि इथे मी मुमतलकातच्याही बाजूचा नाही. सातशे अश्वशक्तीचा हलकेपणा या पन्नास किलोमीटरच्या बेटावर अडीच टनांइतकाच वाया जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे आखाती चोचले वाटत असतील, तर त्यानेही थोडे आठवावे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची दोन सीटांची, फायबरच्या अंगाची रोडस्टर बनवली आणि तिच्यात इंजिन बसवले ॲम्बेसेडरमधले, इसुझूचे १.८ लिटरचे. ॲम्बेसेडरचे इंजिन म्हणजे कुठल्याही गॅरेजात दुरुस्त करता येईल असे. यात साहेबाची आठवण शोधून दाखवा. २०१७च्या जिनिव्हा प्रदर्शनात टाटांनी रेसमो मांडली: दोन सीटा, मागे बसवलेले १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, आणि सांगाड्याची कल्पना मार्चेल्लो गांदिनीची, ज्याने लॅम्बोर्गिनी मिउरा काढली. ती गाडी बाजारात आलीच नाही. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी असे घाट ज्या राज्याकडे आहेत तिथे असली गाडी बनवणे परवडत नाही, आणि जिथे पैसा आहे त्या बेटावर एक धड चढण नाही. हलक्या गाडीला सर्वांत योग्य रस्ते महाडच्या वर आहेत. त्यांवरचे गतिरोधक सेव्हनच्या पोटाला घासतील हे खरे, पण तो दोष गाडीच्या उंचीचा मानायचा की गतिरोधक घालणाऱ्याचा, हे सार्वजनिक बांधकाम खात्याला विचारून पाहावे.

उरला कुटुंबाचा प्रश्न, ज्यावर लेखाचा शेवट केलेला आहे: दोन सीटांच्या गाडीत मुलांना बसवणार कुठे? कुठेच नाही. मुलांसाठी, आईवडिलांसाठी, विमानतळावरून चार बॅगा आणण्यासाठी दुसरी गाडी लागते, आणि बहरीनमधल्या ज्या घरांत स्पोर्ट्स गाडी येऊ शकते त्या घरांत ती आधीच असते. पण गुरुवारी संध्याकाळी सौदीला जोडणाऱ्या किंग फहद कॉझवेच्या रांगेत उभे राहा आणि सात सीटांच्या गाड्यांत डोकावून पाहा. बहुतेकींत एकटा चालक असतो, फार तर शेजारी आणखी एक. त्या दोघांच्या मागे पाच रिकाम्या सीटा कॉझवे ओलांडतात आणि शनिवारी रात्री तशाच रिकाम्या परत येतात.